म्हणींच्या बनावट वंशावळी

दरवर्षी जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला, की तिळगुळाच्या जाहिरातींबरोबर आपल्या नियतकालिकांतून एक लेखही हटकून अवतरतो, आणि लेखकाचे नाव व छायाचित्र तेवढे बदलून त्यात असे प्रतिपादन केलेले असते, की एखाद्यावर ‘संक्रांत आली’ असे जे आपण म्हणतो त्याचे मूळ पानिपतच्या तिसऱ्या युद्धात आहे. कारण ते युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, १४ जानेवारी म्हणजे मकरसंक्रांत, त्या दिवशी महाराष्ट्रातील घराघरांतून माणसे खर्ची पडली, आणि तेव्हापासून संक्रांत हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी अरिष्टाचा वाचक होऊन बसला. ही उपपत्ती ऐकावयास इतकी सुबक आणि इतकी करुण आहे, की तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे पानिपतावर पडलेल्यांचा उपमर्द करणे होय असे कोणास वाटावे. त्या वीरांविषयी पुरता आदर बाळगूनही हे सांगणे प्राप्त आहे, की ती खोटी आहे. आणि तिचा खोटेपणा दाखविण्यासाठी कोणत्याही दप्तराचे रुमाल सोडावे लागत नाहीत, पंचांग पुरते.

मकरसंक्रांत सूर्याच्या निरयन मकर राशीतील प्रवेशावर अवलंबून असते, आणि आपले निरयन वर्ष इंग्रजी वर्षाहून किंचित मोठे असल्यामुळे हा प्रवेश साधारणतः सत्तर वर्षांत एक दिवस, अशा मानाने इंग्रजी तारखांतून पुढे पुढे सरकत आलेला आहे. आज तो १४ तारखेस, कधी १५ तारखेस होतो. परंतु स्वामी विवेकानंद १८६३ साली मकरसंक्रांतीच्या दिवशी जन्मले आणि ती तारीख १२ जानेवारी होती, हे त्यांच्या साध्या चरित्रातही वाचावयास मिळते. त्याच्याही मागे शंभर वर्षे गेले, म्हणजे १७६१ साली संक्रांत ९-१० जानेवारीच्या सुमारास पडते. तात्पर्य, शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस, बुधवारी, भाऊसाहेबांचे उपाशी सैन्य मोर्चे सोडून बाहेर पडले, तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस लोटले होते, आणि छावणीत तिळगुळाचे तर राहोच, मूठभर धान्याचेही दुर्भिक्ष होते. युद्ध संक्रांतीच्या दिवशी झाले असे त्या काळी जिवंत असलेल्या एकाही माणसास वाटणे शक्य नव्हते. ते वाटावयास भिंतीवर छापील दिनदर्शिका टांगलेली असावी लागते, आणि सण इंग्रजी तारखेस बांधलेला आहे अशी दृढ समजूतही असावी लागते.

मग संक्रांत अशुभ कशी झाली? ती पंचांगातच तशी आहे. संक्रांत ही देवता मानलेली असून ती कोणत्या वाहनावर बसून आली, कोणते वस्त्र नेसली, हातात कोणते शस्त्र, भाळी कोणता टिळा, काय भक्षण करीत आहे, कोणत्या दिशेकडून येऊन कोणत्या दिशेस जात आहे आणि कोणत्या दिशेकडे पाहत आहे, याचे सविस्तर वर्णन संक्रांतिफल म्हणून प्रत्येक वर्षाच्या पंचांगात दिलेले असते. ती ज्या वस्तू धारण करते त्या महाग होतात आणि जिकडे पाहते तिकडे पीडा होते, असा समज. गावचा जोशी हे फल ओसरीवर वाचून दाखवी, आणि यंदा संक्रांत पिवळे नेसून आली आहे असे कळताच हळदीच्या भावाची चिंता करणाऱ्या बायका आमच्या आजीच्या पिढीपर्यंत सर्वत्र होत्या. दुसरा दिवस किंक्रांत, म्हणजे करिदिन. त्या दिवशी शुभकार्य करावयाचे नाही. ज्या देवतेची दृष्टी पडली असता पीडा होते, ती ‘आमच्यावर आली’ किंवा ‘आमच्यावर बसली’ असे म्हणावयास मराठी माणसास अब्दालीची वाट पाहण्याचे कारण काय? शिवाय पानिपतच्या अनर्थासाठी भाषेने ‘पानिपत’ हाच शब्द राखून ठेवलेला आहे. परीक्षेत, निवडणुकीत, व्यापारात आजही लोकांचे पानिपत होते. एकाच घटनेसाठी इतका उघड शब्द हाताशी असताना दुसरा आडवळणाचा शब्द घडविण्याचा खटाटोप कोणी केला असेल, हे त्या लेखकांनीच सांगावे.

या लेखकांचा मूळ सिद्धान्त असा, की प्रत्येक म्हणीच्या आणि वाक्प्रचाराच्या पाठीशी एखादा ऐतिहासिक प्रसंग असतोच, आणि तो कागदोपत्री सापडला नाही तर लोकस्मृतीत सापडतो. लोकस्मृती हा शब्द मोठा आदरणीय आहे. पण न्यायाच्या चावडीवर साक्षीदार म्हणून तिला उभी केली, तर तिलाही चार प्रश्न विचारावे लागतात. तू हे केव्हापासून सांगत आहेस? पहिल्याने कोणाच्या तोंडून ऐकलेस? तुझ्या सांगण्याने कोणाचा फायदा होतो? आणि शेजारच्या गावची लोकस्मृती नेमके उलट का सांगते? हे प्रश्न न विचारता तिची जबानी जशीच्या तशी नोंदवून घेतल्याने काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘ध चा मा’.

कथा सर्वांना ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यास ‘धरावे’ असा हुकूम रघुनाथरावांनी गारद्यांस लिहून दिला, आनंदीबाईंनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला, आणि त्या एका अक्षराने ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या पेशव्याचा खून झाला. ती प्रथम छापून प्रसिद्ध झाली ती ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी. आणि त्या गृहस्थानेही फेरफार बाईंनीच केल्याचा सार्वत्रिक समज आहे यापलीकडे पुरावा दिलेला नाही. पुढे खाडिलकरांच्या १९०९ च्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने आणि प्रभातच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने आनंदीबाईंची जी मूर्ती उभी केली, तीच आज आपल्या डोळ्यांपुढे असते. आणि नाटकगृहात पाहिलेली गोष्ट इतिहासात वाचलेल्या गोष्टीहून अधिक खरी वाटावी, हा मनुष्यस्वभाव आहे.

परंतु क्षणभर ही कथा बाजूस ठेवून त्या खटल्याकडे पाहू. गारद्यांचे पगार थकलेले होते. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे त्यांचे पुढारी. रघुनाथराव नजरकैदेत होते. कारस्थानात तुळाजी पवार हा त्यांच्या घरचा नोकर होता. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, आणि त्या चौकशीअंती देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावांस. हुकूम निव्वळ धरण्याचा होता आणि खून कोणा दुसऱ्याने केलेल्या खाडाखोडीमुळे झाला, हे शास्त्रीबोवांनी मानले असते, तर हा निकाल त्यांनी दिलाच नसता; आणि दिला तो इतक्या निश्चयाने दिला, की या राज्यात आपण राहणार नाही असे सांगून ते पुणे सोडून वाईकडे निघून गेले.

आता पाहा. हुकूम ‘धरावे’ असा होता, या म्हणण्याने कोणाचा फायदा होतो? ज्याच्यावर पुतण्याच्या खुनाचा आरोप आहे, त्याचा. खुनाचा गुन्हा कैदेच्या बेतावर उतरतो, आणि उरलेले पाप वाड्याच्या आतल्या बाजूस असलेल्या बाईच्या पदरी पडते. म्हणजे जिला आपण लोकांनी दिलेला निकाल समजून आज दोनशे वर्षे तोंडोतोंडी खेळवीत आलो, ती म्हण वस्तुतः आरोपीची कैफियत आहे, आणि न्यायाधीशाने ती त्याच वेळी नामंजूर केली होती. आनंदीबाई निष्पाप होत्या असे मला म्हणावयाचे नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, कारस्थानी होत्या, आणि नवऱ्याच्या पेशवाईचा लोभ त्यांनाही होता. पण महत्त्वाकांक्षा हा खाडाखोडीचा पुरावा होत नाही, आणि ज्या कागदावर ती झाली म्हणतात तो कागद आजवर कोणी छापून दाखविलेला नाही.

मग ही कथा इतकी का रुजली? याचे उत्तर मला त्या काळच्या कारकुनी जगात दिसते. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता अक्षरे लोंबकळत सोडावयाची. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. अशा लिपीत सारे राज्य चालत असल्यामुळे कागदात कोणी काही घुसडील ही धास्ती तेव्हाच्या प्रत्येक चिटणिसाच्या मानेवर बसलेली असे. मजकूर संपला तेथेच मोर्तब उठवावयाचे, म्हणजे खाली ओळ वाढविता येत नाही. हुंडीवर रक्कम आकड्यात लिहावयाची, अक्षरांत लिहावयाची, आणि त्याउपर ‘निमे रुपये इतके, त्याचे दुप्पट’ असे निम्म्या रकमेनेही बांधावयाची, म्हणजे एका शून्याने शंभराचे हजार करू पाहणाऱ्याचा हात तेथल्या तेथे सापडावा. ज्या समाजात लिहिणे म्हणजे इतकी जोखीम, त्या समाजाला राज्यातील सर्वांत मोठ्या खुनाचे स्पष्टीकरण बदललेल्या एका अक्षरात सापडले, तर ते त्यास पटणारच. ‘ध चा मा’ ही कथा शनिवारवाड्याविषयी फारसे सांगत नाही; ती फडाविषयी, त्यातील बेरकी कारकुनांविषयी आणि त्यांना भिणाऱ्या रयतेविषयी पुष्कळ सांगते. हा अर्थ मात्र आमच्या उत्पत्तिकारांच्या कधी ध्यानात येत नाही, कारण त्यांना फडात जावयाचेच नसते. त्यांना थेट महालात जावयाचे असते.

महालांचे आणि गडांचे हे वेड एका दुसऱ्या म्हणीच्याही वाट्यास आलेले आहे. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर पडले, महाराजांनी ‘गड आला पण सिंह गेला’ असे उद्गार काढले, आणि त्यावरून कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, असे शाळेपासून शिकविले जाते. तानाजींचे शौर्य निर्विवाद. परंतु सिंहगड हे नाव शिवकालीन पत्रात त्याआधी सात वर्षे, १६६३ सालीच आढळते. ज्या गडास सिंहगड म्हणतच होते, त्यास तानाजींच्या मरणाने ते नाव कसे मिळणार? सभासदाची बखर शिवकालाला जवळची, १६९७ च्या सुमाराची. तिच्यात महाराजांचा शोकोद्गार आहे, पण त्यात सिंह नाही. तेथे महाराज म्हणतात ते इतकेच, की एक गड मिळाला आणि एक गड गेला. म्हणजे तानाजींनाच त्यांनी गड म्हटले. माझ्या मते हा उद्गार सिंहाच्या उद्गाराहून कितीतरी थोर आहे, कारण ज्याने आयुष्यभर गडांच्या किमती मोजल्या, तो राजा एका माणसाची किंमत गडाच्या मापाने सांगत आहे. गडाच्या नावाशी यमक जुळविण्याच्या नादात आपण हा मूळचा उद्गार गमावला, आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे शीर्षक तेवढे जवळ ठेवले. हरिभाऊंचा दोष नाही. ते कादंबरी लिहीत होते.

तिसरे उदाहरण अधिक गमतीचे आहे. ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ या म्हणीतील तेली हा मुळात तेली नव्हेच, तर कलचुरी राजा गांगेयदेव आणि चालुक्य राजा तैलप या दोघांची नावे लोकांच्या तोंडी झिजून ‘गंगू तेली’ झाले, असे हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगण्यात येते. धारचा भोज गादीवर आला तो १०१० च्या सुमारास. दुसरा तैलप त्यापूर्वी तेरा वर्षे, ९९७ मध्ये, मरण पावला होता, तेव्हा भोजाने त्यास हरविले असे म्हणावयाचे तर स्वर्गात जाऊनच हरविले पाहिजे. गांगेयदेव समकालीन होता खरा, आणि पुढे भोजाशी त्याचे वितुष्टही आले. परंतु एके काळी हेच दोघे, राजेंद्र चोळासह, एका बाजूने चालुक्यांवर चालून गेले होते. इकडे कोल्हापूर भागात जावे तर तेथे भोज निराळाच! पन्हाळ्याचा शिलाहार भोज, बाराव्या शतकाच्या अखेरचा. आणि गंगू ही तेलीण, जिचा गडाच्या बांधकामास यश यावे म्हणून बळी दिला असे सांगतात. एका म्हणीचे दोन भोज, दोन गंगू, मध्ये दीडशे वर्षांचे अंतर. आणि बिहारकडे गेल्यास तेथे ‘भोजवा तेली’ म्हणतात, म्हणजे गंगूच नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर गांगेयदेवही. एवढ्या पाठभेदांवरून दिसते ते इतकेच, की राजाचे नाव सर्वत्र कायम आहे, कारण भोजाची कीर्ती दिगंत होती, आणि दुसऱ्या टोकाला जे नाव जिभेवर बसेल ते लोकांनी घातले.

या उपपत्तीमागील हेतू मला समजतो, आणि तो अगदीच अप्रतिष्ठितही नाही. म्हण एका कष्टकरी जातीस हिणवते, तेव्हा त्या तेल्याचाच राजा करून टाकला की डाग निघाला, असा तो विचार आहे. पण हिणवणी ही हिणवणीच असते, आणि तिचा उपाय म्हणजे ती म्हण वापरणे सोडून देणे. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, ही ज्या समाजाची कमाई आहे, त्यास आपली प्रतिष्ठा सिद्ध करण्यासाठी मेलेल्या तैलपास उकरून काढण्याची गरज नाही.

हा रोग मराठीचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. ‘पॉश’ हा शब्द मुंबईस येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवरून निघाला, जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीची खोली घेणाऱ्या श्रीमंत उतारूंच्या तिकिटांवर ‘पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरे छापलेली असत, असे इंग्रजही गंभीरपणे सांगत. तसे एकही तिकीट सापडलेले नाही. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापलेला आढळतो, आणि कथा अवतरते ती १९३५ च्या आसपास. विनोदांची गत याहून निराळी नाही. कोणताही हजरजबाबी चुटका उत्तरेत बिरबलाच्या, बंगालात गोपाळ भांडाच्या, दक्षिणेत तेनाली रामाच्या खाती जमा होतो, आणि आमच्याकडे आचार्य अत्र्यांच्या. अत्र्यांनी स्वतः केलेले विनोद त्यामुळे या उसनवारीच्या गर्दीत कोठे शोधावयाचे, हा त्यांच्या चरित्रकारापुढील मोठाच प्रश्न आहे.

आता प्रतिपक्षाची एक गोष्ट मान्य केली पाहिजे: इतिहासातून निघालेले वाक्प्रचार आहेत, आणि ते पुष्कळ आहेत. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा १७५८ च्या पंजाबच्या स्वारीचा वारसा आहे, आणि मौज अशी की त्या स्वारीचे सेनापती हेच रघुनाथराव, ज्यांची कैफियत आपण वर पाहिली. ‘साडेतीन शहाणे’ नावानिशी मोजता येतात: सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर, आणि शस्त्र न धरणारे म्हणून अर्धे ते नाना फडणवीस. पण या ठिकाणी कथा मागाहून जोडावी लागत नाही. स्थळ, माणसे आणि साल शब्दातच उघडी असतात किंवा समकालीन कागदात सापडतात, आणि प्रसंग काढून घेतला तर शब्दाला अर्थच उरत नाही. ‘संक्रांत’मधून पानिपत काढून घ्या, तिला काही होत नाही.

शेवटचा आक्षेप नेहमीचा: एवढ्याने बिघडते काय? लोकांना गोष्ट आवडते, मुलांना म्हण लक्षात राहते, इतिहासाची गोडी लागते. मग तारखांची कुरकुर कशाला? बिघडते ते असे, की १७९४ मध्ये वारलेल्या एका स्त्रीवर पुराव्यावाचून खुनाचा शिक्का बसतो, महाराजांचा एक अस्सल उद्गार बनावट उद्गाराखाली गाडला जातो, आणि ओसरीवर पंचांग ऐकणाऱ्या बायकांनी, फडावर बसणाऱ्या कारकुनांनी, बाजारात तोंड चालविणाऱ्या लोकांनी भाषा घडविली, हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेऊन ते एखाद्या सरदाराच्या नावे चढविले जाते. इतिहासाची गोडी लागते म्हणतात, ती खोट्या इतिहासाची लागते.

या उद्योगाचे पुढचे गिऱ्हाईक कोण, हेही मी सांगून ठेवतो. फसवणुकीच्या अपराधाचे कलम ४२० हे १८६० च्या भारतीय दंड संहितेत होते, त्यावरून ‘चारसोबीस’ झाला, आणि १९५५ च्या ‘श्री ४२०’ ने त्यास देशभर फिरविले. वाक्प्रचाराचे मूळ इतके स्वच्छ क्वचितच मिळते. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली, नव्या न्याय संहितेत फसवणुकीस ३१८ वे कलम आले, पण लबाडास ‘तीनशे अठरा’ कोणी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. आणखी पन्नास वर्षांनी कलमाचा आकडा वकिलांच्याही स्मरणातून जाईल; तेव्हा कोणी तरी उत्साही लेखक पेशव्यांच्या दप्तरातून चारशे वीस मोहरा लांबविणारा एखादा ठक हुडकून काढील, त्यास गाव देईल, बायको देईल, जमल्यास एखादी समाधीही दाखवील, आणि ती गोष्ट जानेवारीतल्या त्या लेखाशेजारी छापून येईल.